निजलेलें जनुक

जव्हार-मोखाड्याच्या डोंगराळ मुलखांत वारली, कोकणा, कातकरी कुटुंबांतून कधीं कधीं असें घडतें, कीं जन्मतः गुटगुटीत असलेल्या मुलाचे हातपाय सहा महिन्यांनंतर सुजूं लागतात, डोळे पिवळे दिसतात, तें रात्रभर कण्हतें. हा सिकल सेल नांवाचा आनुवंशिक रक्तविकार. मग इतके दिवस तो दडला होता कोठें?

उत्तर गर्भावस्थेंत सांपडतें. पहिले रक्तकण तिसऱ्या आठवड्यांत पीतककोशांत निपजतात. पुढें तें काम यकृताकडे व शेवटीं अस्थिमज्जेकडे जातें. गर्भाचें हिमोग्लोबिन घडविण्यास गॅमा जनुक लागतें; जन्मानंतर तें हळूहळू निजतें आणि बीटा त्याची जागा घेतें. दोष आहे तो या बीटांत. त्याच्या साखळींतील एकच दुवा बदलल्यानें प्राणवायु सोडलेला रक्तकण विळ्यासारखा वांकतो.

गॅमाला निजविणारा ‘बीसीएल११ए’ हा घटक बोस्टनच्या संशोधकांनीं २००८ मध्यें ओळखला. त्याला आवरून गॅमास पुन्हां जागविणाऱ्या उपचारास ब्रिटननें २०२३ च्या नोव्हेंबरांत मान्यता दिली. अमेरिकेंत त्याची किंमत २२ लक्ष डॉलर! मोखाड्याच्या मातेला ती सांगणें म्हणजे थट्टाच. तिच्या आटोक्यांतलें औषध हायड्रॉक्सियुरिया. तेंहि गॅमालाच थोडेंसें जागवितें.

पत्रिका ताडून पाहण्याची रीत आमच्या घरांना नवी नाहीं. १ जुलै २०२३ रोजीं सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेंत रक्त तपासून पत्रक देतात व विवाहापूर्वीं वधूवरांनीं तीं ताडावीं असें सांगतात. दोघेंहि वाहक असलीं, तर प्रत्येक अपत्यास हा रोग होण्याचा संभव चारांत एक.