पराभवाची नाडीपरीक्षा

एखादा संघ सतत हरू लागला की कारणे सांगणाऱ्यांची वानवा नसते. खेळाडूंत जिद्द उरली नाही, प्रशिक्षकाचा वचक नाही, दैव प्रतिकूल आहे, ही निदाने ठरलेली. ती सर्वस्वी खोटी असतात असे नाही; परंतु उद्याच्या सरावात नेमके काय बदलावे, हे त्यांतून उमगत नाही.

बास्केटबॉलमध्ये या प्रश्नाला आकड्यांनी प्रथम शिस्त लावली. अमेरिकेतील डीन ऑलिव्हर यांनी २००४ च्या आपल्या ग्रंथात यशापयशाचे चार घटक मांडले: नेमबाजी, हातचा चेंडू न गमावणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो. नुसत्या डोळ्यांना दिसते ते किती फसवे असते, हे साध्या हिशेबाने कळते. दोन गुणांच्या शंभर फेकांपैकी पन्नास साधल्या तर शंभर गुण होतात. तीन गुणांच्या शंभरांपैकी छत्तीसच साधल्या तरी एकशेआठ!

मात्र आकडा दुखणे कोठे आहे ते सांगतो. ते का आहे, हे चित्रफीत सांगते. कॅनडातील टोरंटो रॅप्टर्स संघाने २०१२-१३ च्या हंगामात ८२ पैकी ४८ सामने गमावले. त्या काळात सहा कॅमेरे खेळाडूंच्या हालचाली सेकंदाला पंचवीस वेळा टिपत. त्या नोंदींवरून संघाच्या विश्लेषकांनी पडद्यावर प्रत्येक बचावपटूची एक ‘छाया’ उभी केली. त्या क्षणी त्याने कोठे असावयास हवे होते, हे ती दाखवी. सहकाऱ्याच्या मदतीला प्रशिक्षक सांगत त्याहूनही पुढे धावावे, असा या छायांचा कौल होता. पण मदतीला धावलेल्याला माघारी आपल्या जागीही पोचावयाचे असते. हाडामांसाच्या माणसाला ते झेपेल काय, याचा निवाडा अखेर प्रशिक्षकांनाच करावा लागे.

पुढील हंगामात सहा विजय व बारा पराभव अशी अवस्था असताना संघाने रूडी गे या नामवंत खेळाडूला दुसऱ्या संघाकडे धाडले. तो फेका भरपूर करी. परंतु त्या हंगामात त्यांपैकी चाळीस टक्केही साधत नव्हत्या. हंगामअखेर विजय ४८ झाले. याचे सारे श्रेय आकडेमोडीला देणे उतावळेपणाचे ठरेल. बदल्यात आलेल्या खेळाडूंचाही त्यात वाटा होता.

गुणपत्रिका पाहून विद्यार्थ्याला ‘ढ’ ठरविणे सोपे असते; तो कोणत्या पायरीवर अडला, हे उत्तरपत्रिका उघडल्याविना कळत नाही. खेळाचेही तसेच आहे. चित्रफीत आरोपपत्र म्हणून दाखविली तर खेळाडू चूक लपवावयास शिकतो. उपचारासाठी दाखविली तर तो ती सुधारतो. नाडीपरीक्षा रोग्याला दोष देण्यासाठी नसते, त्याला बरे करण्यासाठी असते.