भरती कोण आणतो?

अलिबागच्या किनाऱ्यावर उभे राहिले, की समोर समुद्रात कुलाबा किल्ला दिसतो. ओहोटीला तिथे पायी जाता येते, भरतीला होडी लागते. एकदा आमच्या वर्गाची सहल तिथे न्यायची होती. वेळ कोणती ठरवावी? वर्गातल्या एका कोळी मुलीने चटकन सांगितले, "सर, परवा वद्य तृतीया. तिनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे सव्वादोनला पूर्ण भरती, आणि त्याआधी सहा तास, सकाळी आठ-सव्वाआठला ओहोटी." हा हिशेब तिला आजोबांनी शिकवला होता.

विद्यार्थी मित्रांनो, तुम्हीही तो करून पाहा. तिथीचा आकडा पाऊणपट केला, की आपल्या किनाऱ्यावरच्या भरतीची वेळ साधारण कळते. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून सुरू करायची. यामागचे कारण सोपे आहे. भरती मुख्यतः चंद्राच्या गुरुत्वाकर्षणामुळे येते, आणि चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे ५० मिनिटे उशिरा डोक्यावर येतो. म्हणून भरतीची वेळही रोज साधारण तेवढीच पुढे सरकते. आजोबांनी धरलेला पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटे. तोंडी हिशेबाला सोपा आणि होडी काढायला पुरेसा!

किल्ल्यात आंग्र्यांच्या काळातले गणपतीचे मंदिर आहे. सवयीने मी हात जोडले. परतताना ती मुलगी म्हणाली, "सर, भरती चंद्रामुळे येते हे मला पटलं. पण नारळी पौर्णिमेला आजोबा दर्याला नारळ देतात, तेव्हा मी त्यांच्या शेजारी उभी असते. विज्ञान शिकणाऱ्या मुलीनं तसं उभं राहणं ही लबाडी आहे का? आणि तुम्ही आत्ता हात जोडलेत, ते?"

पाणी चढू लागले होते. "आधी किनारा गाठू या," असे म्हणून मी वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून गेला नाही. त्याचे उत्तर आज देतो.

न्यूटनपासून सुरुवात करू. ग्रह सूर्याभोवती का फिरतात हे त्याच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने उलगडले. पण ग्रह एकमेकांनाही ओढतात. त्यामुळे सूर्यमालेची घडी हळूहळू विस्कटेल आणि ती पुन्हा बसवावी लागेल, असे न्यूटनला वाटे. हे काम तो परमेश्वराकडे सोपवी. पुढे गुरूची गती वाढत आहे आणि शनीची कमी होत आहे, असे निरीक्षणांत दिसलेही. मग १७८५ च्या सुमारास फ्रान्सच्या लाप्लासने गणिताने दाखवले, की हा फरक त्या दोघांच्या परस्पर ओढीचाच आहे आणि सुमारे ९०० वर्षांच्या चक्रात तो उलटतो. घडी बसवायला कोणी यावे लागत नाही. यातून धडा काय? आपल्याला कारण ठाऊक नाही अशा ठिकाणी देवाचे नाव लिहिले, की शोध थांबतो. आणि पुढे कारण सापडले, की त्या देवाला जागा सोडावी लागते.

मग विज्ञानाने निर्माता नाही असे सिद्ध केले का? तसेही नाही. विश्व प्रसरण पावत आहे, असे १९२७ मध्ये बेल्जियमच्या जॉर्ज लमेत्र यांनी मांडले. त्याची सुरुवात एका आदिम अणूपासून झाली असावी, असे त्यांनी १९३१ मध्ये सुचवले. लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरू होते! १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांना या नव्या विज्ञानात धर्मग्रंथातल्या सृष्टीच्या निर्मितीला दुजोरा दिसला. लमेत्र यांना मात्र ते रुचले नाही. आपला सिद्धांत धर्माच्या प्रश्नाबाहेरचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते.

त्यांच्या विरुद्ध बाजूला होते इंग्लंडचे फ्रेड हॉइल. त्यांचा धर्मावर विश्वास नव्हता आणि विश्वाला आरंभ असणे त्यांना पटत नव्हते. १९४८ मध्ये बाँडी व गोल्ड यांच्याप्रमाणे त्यांनीही स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत मांडला. कोल्हापूरला जन्मलेले आपले जयंत नारळीकर केंब्रिजला त्यांचेच शिष्य आणि सहकारी होते. हा वाद श्रद्धेने सुटला नाही, अश्रद्धेनेही नाही. १९६५ मध्ये पेन्झियस आणि विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारे सूक्ष्मतरंग सापडल्याचे जाहीर झाले आणि पारडे महास्फोटाकडे झुकले. नारळीकरांनी २०२५ मध्ये निधन होईपर्यंत महास्फोटाबद्दल शंका घेणे सोडले नाही, पण त्यांची हत्यारे गणित आणि निरीक्षण हीच होती.

आता पुन्हा आपल्या किनाऱ्यावर येऊ. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. हवामान खात्याने आधीच इशारा दिला होता. दर्याला नारळ देणाऱ्यांनी आणि न देणाऱ्यांनी, दोघांनीही तो ऐकण्यातच शहाणपण होते. नारळ दिला की वादळ येत नाही, असे कोणी म्हटले, तर ते विधान तपासता येते आणि ते टिकत नाही. पण या सगळ्या नियमांच्या मागे कोणी नियंता आहे का, हे मोजायला माझ्या प्रयोगशाळेत उपकरण नाही. तो आहे असे मी भौतिकशास्त्राच्या नावाने सांगू शकत नाही, आणि नाही असेही नाही.

म्हणून त्या मुलीला मी आज सांगेन: अगं, आजोबांच्या शेजारी खुशाल उभी राहा. ज्या दर्यावर घर चालते, त्याच्यापुढे नम्र होण्यात लबाडी नाही. तुझी श्रद्धा नसेल, तर असल्याचे सोंग मात्र करू नकोस. आणि जिथे मोजता येते तिथे मोजल्यावाचून राहू नकोस. तुझे आजोबा तरी दुसरे काय करतात? ते नारळ देतात, पण होडी काढतात ती तिथीची पाऊणपट करूनच!