पहिला नकार म्हणजे शेवटचा निकाल नव्हे
माजी सैनिकांच्या अपंगत्व पेन्शनविषयी थोडेसे

शेतकरी बंधूंनो, फेरफाराची नोंद मंडल अधिकाऱ्याने नामंजूर केली म्हणून आपण जमीन सोडून देतो का? नाही. पिशवीत कागद घालतो, एस.टी. धरतो आणि प्रांतसाहेबांकडे अपील करतो. पण आपल्याच गावचा फौजेतून परत आलेला गडी, अपंगत्व पेन्शनचा अर्ज नामंजूर झाल्याचे पत्र आले की ते ट्रंकेत टाकतो आणि गप्प बसतो.

हुमणीच्या प्रात्यक्षिकासाठी एका वस्तीवर गेलो होतो. बोललेले ऐकू जाईना म्हणून एक माजी सैनिक अगदी पुढे येऊन बसले. चहाच्या वेळी त्यांनी असेच एक पत्र दाखवले. इंग्रजीत कारण एकाच ओळीचे होते: आजाराचा सेवेशी संबंध नाही. खाली अपिलाची मुदत सहा महिने लिहिली होती. ती केव्हाच उलटली होती. ते म्हणाले, "सरकारनं नाही म्हटलं, मग कुणाला विचारायचं?" म्हणून हा लेख.

हक्क कोणाला?

आजार किंवा इजा लष्करी सेवेमुळे झालेली असावी, नाहीतर सेवेमुळे बळावलेली असावी. निवृत्तीच्या वेळी वैद्यकीय मंडळाने अपंगत्व किमान २० टक्के ठरवलेले असावे. टक्केवारीवर सहसा वाद होत नाही. वाद होतो तो 'सेवेमुळे' या शब्दावर.

धरमवीर सिंग यांचा खटला

हे शिपाई १९८५ मध्ये सिग्नल कोअरमध्ये भरती झाले. १ एप्रिल १९९४ रोजी फेफऱ्याच्या आजारामुळे त्यांना घरी पाठवले. अपंगत्व २० टक्के. मंडळाने लिहिले की आजार मूळच्या प्रकृतीतला आहे, सेवेचा नाही. पेन्शन नाकारली, अपीलही फेटाळले. उच्च न्यायालयात आधी जिंकले, मग हरले. शेवटी २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. घरी आल्यापासून एकोणीस वर्षे गेली होती.

न्यायालयाचे म्हणणे आपल्या भाषेत असे: भरतीच्या वेळी डॉक्टरांनी तपासून धडधाकट म्हणून घेतले आणि कागदावर आजाराची नोंद नाही, तर आजार नंतर आला असे धरायचे. तो सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. मंडळाने कारणे लिहिलीच पाहिजेत. शंका असेल तर फायदा जवानाला.

मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. प्रत्येक इजा यात बसत नाही. वार्षिक रजेवर असताना रस्त्यावर झालेल्या अपघाताबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जुझार सिंग यांच्या खटल्यात पेन्शन नाकारली. सुट्टीत शेतावर इजा झाली, तरी सेवेशी धागा दाखवावा लागतो.

टक्केवारीचा हिशेब

शंभर टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के रक्कम, आणि कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात. पगार ४०,००० रुपये धरला, तर २० टक्क्यांना महिना २,४०० रुपये होतात. पण टक्केवारी वरच्या टप्प्यावर नेण्याची सवलत आहे: ५० पेक्षा कमी असेल तर ५०, ५० ते ७५ असेल तर ७५, त्यापुढे १००. म्हणजे २,४०० चे ६,००० होतात. ही सवलत मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही द्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार यांच्या खटल्यात दिला. आपल्या पेन्शन आदेशात कोणती टक्केवारी धरली आहे, ते आजच पाहा.

२१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत. त्यानंतर निवृत्त झालेल्यांनी वरचा हिशेब आपल्याला लागू पडतो का, हे आधी विचारून घ्यावे.

अपिलाच्या पायऱ्या

१. पहिले अपील: नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत, आपल्या रेकॉर्ड ऑफिसमार्फत.
२. दुसरे अपील: पहिले फेटाळल्यावर पुन्हा सहा महिन्यांत.
३. सशस्त्र सेना न्यायाधिकरण: २००७ च्या कायद्याने झाले. त्याचे एक खंडपीठ मुंबईत आहे. शेवटच्या आदेशापासून सहा महिन्यांत जावे. योग्य कारण दिले तर उशीर माफ होऊ शकतो.

उशिराचा तोटा मात्र होतो. तरसेम सिंग १९८३ मध्ये सैन्यातून घरी आले आणि सोळा वर्षांनी कोर्टात गेले. पेन्शन मिळाली, पण २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने थकबाकी अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मान्य केली. पेरणीची वाफ गेली की उतारा घटतो, तसेच हे.

कोणते कागद जपावेत?

डिस्चार्ज बुक, पेन्शन आदेश, भरतीच्या वेळचा आणि निवृत्तीच्या वेळचा वैद्यकीय अहवाल, इजेचा अहवाल, दवाखान्याचे कागद आणि नकाराचे पत्र पाकिटासकट. पाकिटावरच्या शिक्क्याची तारीख मुदत मोजायला उपयोगी पडते. वैद्यकीय अहवाल जवळ नसेल तर माहितीच्या अधिकारात रेकॉर्ड ऑफिसकडे मागा. तीस दिवसांत उत्तर यायला हवे. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. आणि हे सगळे कागद घरच्या बाईमाणसाला दाखवून ठेवा.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी भाऊसाहेब, गावातल्या माजी सैनिकांची आणि वीरपत्नींची एक यादी करा. 'नामंजूर' पत्र कोणाकडे पडून आहे, हे ग्रामसभेत विचारा. इंग्रजी पत्र शाळेतल्या गुरुजींकडून वाचून घ्या. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात अर्ज लिहायला मदत मिळते. अपंग व्यक्तीला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळू शकतो. त्यासाठी शेत गहाण टाकू नका.

त्या वस्तीवरच्या काकांनी भरतीच्या वेळचा अहवाल मागवला. कानाच्या रकान्यात तेव्हा 'सामान्य' असे लिहिलेले निघाले. उशीर माफ करण्याच्या विनंतीसह त्यांचे अपील आता गेले आहे. निकाल काय लागेल, ते आज सांगता येत नाही. पण ते पत्र आता ट्रंकेत पडून नाही. तुमच्या घरातली ट्रंक आज संध्याकाळी एकदा उघडून पाहाच.