कलमांच्या छाटणीला कोयती नको, करवत घ्या

बागायतदार बंधूंनो, आंबा उतरवून झाला की कलमांवरच्या वाळक्या, रोगट फांद्या काढायचे काम निघते. हाताशी कोयती असतेच. दोन-चार घाव घातले की फांदी आपल्या वजनाने मोडते आणि जाताना खोडाची हातभर साल सोलून नेते. ती जखम लवकर भरत नाही. तिथे पाणी मुरते, लाकूड कुजते आणि भिरुडाला आयती वाट मिळते. वडिलांनी लावलेले कलम असे हातचे जाऊ द्यायचे का? त्यापेक्षा एक चांगली घडीची करवत घ्या. खिशात मावते, झाडावर चढताना दोन्ही हात मोकळे राहतात.

दुकानात मुठीचा रंग बघू नका, पाते बघा. पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या दुप्पट असावी. ३ इंची फांदीला ६ ते ७ इंची पाते पुरे. दात मुठीकडे झुकलेले, म्हणजे ओढताना कापणारे घ्या. असे पाते पातळ असले तरी वाकत नाही, जोरही कमी लागतो. ओल्या फांदीला मोठे, विरळ दात हवेत. बारीक दातांत ओला भुसा अडकतो आणि करवत जाम होते. दातांची टोके काळी-निळी दिसली तर ते कडक केलेले आहेत असे समजा. त्यांवर कानस चालत नाही, म्हणून सुटे पाते मिळते का ते आधीच विचारा. शेवटी करवत उघडून खटका हलवून बघा. तो ढिला असेल तर पाते बोटांवर मिटेल.

आता कापायची रीत. खोडापासून वीतभर अंतरावर आधी खालून एक तृतीयांश कापा. मग थोडे पुढे सरकून वरून कापा. फांदी पडते, पण साल फाटत नाही. राहिलेला खुंट खोडाजवळची फुगीर कडा न दुखावता काढा. जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १० लिटर पाणी. भांडे प्लॅस्टिकचे किंवा मातीचे घ्या, लोखंडी नको.

रोगट झाड सर्वांत शेवटी कापा. संध्याकाळी पाते पुसून तेलाचा हात फिरवा. एवढे केले म्हणजे झाले. कोयती गवताला ठेवा!