कमांड लाइन साधनांतील साहाय्य-पर्यायांची एकरूपता : महाविद्यालयीन संगणक प्रयोगशाळेच्या संदर्भात

प्रस्तावना :

लिनक्सच्या कमांड लाइनवर प्रथमच काम करणाऱ्या विद्यार्थ्यासमोर मेनू नसतो, चित्रे नसतात. असतो तो केवळ लुकलुकणारा कर्सर. एखादी आज्ञा कशी वापरावी हे विचारायचे असेल, तर ते विचारण्याची रीतही आधीच ठाऊक असावी लागते. ही रीत प्रत्येक साधनागणिक बदलत असेल, तर विद्यार्थी चूक साधनाची न मानता स्वतःची मानतो. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांत मराठी माध्यमातून, ग्रामीण भागातून येणारे विद्यार्थी आहेत. त्यांच्या बाबतीत या अडचणीत इंग्रजीच्या अडचणीची भर पडते. त्यामुळे साहाय्य मागण्याच्या पर्यायांचा प्रश्न वरवर तांत्रिक वाटला, तरी तो अध्यापनाशी निगडित आहे.

प्रस्तुत लेखात आज्ञा व पर्याय देवनागरीत दिले आहेत. प्रत्यक्षात ते रोमन लिपीत टंकित करावे लागतात.

उद्दिष्टे :

१) साहाय्य-पर्यायांतील विसंगतीची कारणे स्पष्ट करणे.
२) या विसंगतीचे परिणाम उदाहरणांसह मांडणे.
३) प्रयोगशाळेत तयार होणाऱ्या स्क्रिप्टसाठी एकसमान पद्धत सुचविणे.

विसंगतीची पार्श्वभूमी :

युनिक्स प्रणालीचा प्रारंभ १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत झाला. तिची साधने वेगवेगळ्या व्यक्तींनी, वेगवेगळ्या काळी लिहिली; म्हणून पर्यायांची अक्षरेही ज्याने त्याने आपल्या सोयीने निवडली. पर्याय वाचण्याची एक सामाईक रीत असावी, या हेतूने एटी अँड टी कंपनीने १९८५ मध्ये ‘गेटऑप्ट’ या फंक्शनचा स्रोत सर्वांसाठी खुला केला. पुढे पॉसिक्स मानकाने एक आडवी रेघ व एक अक्षर ही पर्यायाची रचना निश्चित केली. मात्र साहाय्यासाठी कोणतेही अक्षर राखून ठेवले नाही. ही उणीव ग्नू प्रकल्पाच्या लेखनसंकेतांनी भरून काढली. प्रत्येक प्रोग्रामने ‘--हेल्प’ आणि ‘--व्हर्जन’ हे दोन दीर्घ पर्याय स्वीकारलेच पाहिजेत, असा हा संकेत आहे.

विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर मात्र ‘/?’ ही रीत रूढ आहे. एकाच प्रयोगशाळेत दोन्ही प्रणाली हाताळणाऱ्या विद्यार्थ्याचा गोंधळ येथूनच सुरू होतो.

‘-एच’ या पर्यायाची मर्यादा :

टंकनास सोपा म्हणून ‘-एच’ हा पर्याय अनेकांना स्वाभाविक वाटतो. परंतु हे अक्षर अनेक प्रचलित साधनांत अन्य अर्थाने अडकलेले आहे. ‘डीएफ’ व ‘डीयू’ या आज्ञांत ते आकारमान वाचनसुलभ एककांत दाखविते. ‘ग्रेप’मध्ये ते फाइलचे नाव वगळते. ‘मायएसक्यूएल’ व ‘पीएसक्यूएल’ यांत त्यापुढे सर्व्हरचे नाव अपेक्षित असते. ते न दिल्यास त्रुटीचा संदेश येतो. ‘एलएस’ला एकटे ‘-एच’ दिल्यास नेहमीचीच यादी दिसते. साहाय्य मिळत नाही आणि चूक झाल्याचेही कळत नाही.

सर्वांत गंभीर उदाहरण ‘शटडाउन’ या आज्ञेचे आहे. येथे ‘-एच’चा अर्थ यंत्र थांबविणे असा आहे. सध्याच्या सिस्टिमडी-आधारित लिनक्स प्रणालीवर पुरेसे अधिकार असलेल्या व्यक्तीने ‘शटडाउन -एच’ एवढेच दिले, तरी एका मिनिटानंतर यंत्र बंद होण्याची नोंद होते. ज्या सर्व्हरवर संपूर्ण वर्गाचे प्रात्यक्षिक चालू आहे, तेथे माहिती विचारण्याच्या हेतूने दिलेल्या या आज्ञेची किंमत सर्वांना मोजावी लागेल. त्याच ठिकाणी ‘--हेल्प’ दिल्यास केवळ माहिती मिळते.

‘-?’ हा पर्यायही निर्धोक नाही. प्रश्नचिन्ह हे शेलमध्ये कोणत्याही एका अक्षराचे प्रतीक आहे. चालू फोल्डरमध्ये रेघेने सुरू होणारी दोन अक्षरी नावाची फाइल असल्यास शेल ‘-?’च्या जागी त्या फाइलचे नाव ठेवते. झेडशेलमध्ये तर अशी फाइल नसली, तरी सामान्यतः त्रुटी येऊन आज्ञा चालतच नाही.

स्वयंलिखित स्क्रिप्टमधील धोका :

गुणांचे संकलन, हजेरीचा गोषवारा, जुन्या फाइलींची सफाई अशा कामांसाठी लहान स्क्रिप्ट लिहिल्या जातात. त्यांत साहाय्याची सोय नसेल, तर ‘--हेल्प’ दिल्यावर दोन गोष्टी संभवतात. स्क्रिप्ट त्या शब्दाला फाइलचे नाव समजते, अथवा त्याकडे दुर्लक्ष करून थेट कामास लागते. सफाईची स्क्रिप्ट असल्यास माहिती विचारणाऱ्याच्या फाइली नष्ट होऊ शकतात. साहाय्य मागणे ही कृती नेहमी निरुपद्रवी असली पाहिजे, हे तत्त्व म्हणूनच सर्वांत महत्त्वाचे ठरते.

सुचविलेली पद्धत :

१) प्रत्येक स्क्रिप्टने ‘--हेल्प’ स्वीकारावे. ‘-एच’ हा जोडपर्याय संचातील एकाही साधनात अन्य अर्थाने लागत नसेल तरच द्यावा. पायथनमधील ‘आर्गपार्स’ ही लायब्ररी दोन्ही पर्याय आपोआप पुरविते.

२) साहाय्याची तपासणी कोणतेही काम सुरू होण्यापूर्वी करावी. ‘--हेल्प’ आढळताच माहिती दाखवून थांबावे व अन्य पर्यायांकडे दुर्लक्ष करावे. केवळ ‘--’ या खुणेनंतर आलेला तोच शब्द मात्र फाइलचे नाव मानावा.

३) मागितलेली माहिती स्टँडर्ड आउटपुटवर द्यावी आणि शून्य हा संकेतांक परत करावा, त्यामुळे ती ‘लेस’ या आज्ञेकडे वळवून पानापानाने वाचता येते. चुकीच्या वापराचा संदेश मात्र स्टँडर्ड एररवर, शून्येतर संकेतांकासह द्यावा. अशा वेळी संपूर्ण माहिती न ओतता ‘--हेल्प’ वापरण्याची एका ओळीची सूचना पुरेशी आहे.

४) साहाय्यात आज्ञेची रचना, एका वाक्यात उद्देश, पर्यायांचा अर्थ आणि किमान एक पूर्ण उदाहरण असावे. नवशिक्या विद्यार्थ्याला उदाहरणच सर्वाधिक उपयोगी पडते.

मराठीतील साहाय्य :

पर्यायांची नावे सर्वत्र सारखी ठेवूनही स्पष्टीकरण मराठीत देता येते. ‘गेटटेक्स्ट’ ही यंत्रणा वापरकर्त्याची भाषा पाहून अनुवादित संदेश दाखविते. अनुवाद नसल्यास मूळ संदेश दिसतो. येथे एक काळजी घ्यावी लागते. यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह तीन बाइट घेते. ‘मदत’ या शब्दाचे नऊ बाइट होतात. सी भाषेतील ‘प्रिंटएफ’ रुंदी बाइटमध्ये मोजत असल्याने देवनागरी मजकुराचे रकाने वाकडे होतात. पर्याय एका ओळीवर व त्याचे स्पष्टीकरण पुढील ओळीवर दिल्यास हा दोष टळतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्सचे पाठ मराठी निवेदनासह उपलब्ध आहेत. अशा पाठांना प्रयोगशाळेतील मराठी साहाय्य पूरक ठरेल.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, जुन्या साधनांतील विसंगती दूर करणे महाविद्यालयाच्या हाती नाही. नव्या स्क्रिप्टमधील एकरूपता मात्र निश्चितपणे त्याच्या हाती आहे. प्रात्यक्षिकाच्या पहिल्या तासाला ‘--हेल्प’ची सवय लावणे, ‘-एच’ हे सर्वत्र साहाय्य नव्हे हे उदाहरणाने दाखविणे आणि विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांचे मूल्यमापन करताना साहाय्य-पर्यायासाठी काही गुण राखून ठेवणे, एवढ्या तीन गोष्टी प्राध्यापकांना सहज करता येतील. विचारल्याने नुकसान होणार नाही, हा विश्वास ज्या विद्यार्थ्याला मिळतो, तोच पुढे न विचारता शिकण्याइतका स्वावलंबी होतो.