दाराशी न येणारा वसुलीवाला

भाजी घेताना पावशेर मिरचीवर दोन काड्या कोथिंबीर मागून घेणाऱ्या आपण बायका. दूधवाल्याचा एक खाडा झाला तरी कॅलेंडरवर खूण करून ठेवतो. मग मोबाइलमधून दर महिन्याला गुपचूप जाणाऱ्या पैशांचा हिशेब कुणी ठेवतं का?

बचत गटाच्या कामामुळे नांदेड आणि लातूरच्या बऱ्याच घरांत माझं जाणं-येणं असतं. हल्ली बैठकीत मी मुद्दाम विचारते, "सिनेमा-मालिकांची ॲप किती आहेत तुमच्याकडे? पैसे कोण भरतं?" उत्तर ठरलेलं. "असतील दोन-तीन. पैसे काय, आपोआप कटतात की!"

नांदेडच्या एका ताईंचा मुलगा क्लाससाठी लातूरला राहतो. दिवाळीच्या सुटीत त्याने आईच्या खात्यावरून एक ॲप घेतलं. क्रिकेटसाठी वडिलांनी दुसरं घेतलं. सुटी संपली, सामने संपले. ताई स्वतः संध्याकाळी टीव्हीवरची एकच मालिका बघतात. आम्ही पासबुक काढून बसलो, तर दोन्ही मिळून महिन्याला साडेतीनशे रुपये जातच होते. मुलाला फोन लावला, तर म्हणाला, "आई, मी ते ॲप कधीच काढून टाकलं गं!"

ॲप काढलं, पण पैसे कापायला दिलेली परवानगी तशीच राहिली होती. ॲप डिलीट केल्याने वर्गणी बंद होत नाही, हे कित्येकींना ठाऊकच नसतं. याच ताईंनी शिलाई मशीनसाठी गटातून १०,००० रुपये कर्ज घेतलंय. शेकडा दोनने पहिल्या महिन्याचं व्याज २०० रुपये. ते भरताना जीव वर-खाली होतो आणि इकडे साडेतीनशे जातात, त्याचा पत्ता नाही. आंधळं दळतं अन् कुत्रं पीठ खातं, दुसरं काय?

पूर्वी केबलवाला पैसे मागायला दाराशी यायचा. "गेल्या आठवड्यात चार दिवस केबल बंद होती," असं त्याला तोंडावर सुनावता यायचं. २०१९ मध्ये 'ट्राय'च्या नियमाने चॅनेल निवडायची मुभा मिळाली, तेव्हा आपणच यादी घेऊन नको ते चॅनेल खोडले होते. हा नवा वसुलीवाला मात्र दाराशी येतच नाही.

रक्कम तशी लहान वाटते. डिसेंबर २०२१ मध्ये नेटफ्लिक्सने मोबाइलचा मासिक दर १९९ वरून १४९ रुपये केला, तर त्याच महिन्यात ॲमेझॉन प्राइमची वार्षिक वर्गणी ९९९ वरून १,४९९ झाली. या दरांनी दोन्ही घेतली, तर वर्षाचे ३,२८७ रुपये होतात. त्यात जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सने एक खातं एकाच घरापुरतं केलं. म्हणजे मुलगा लातूरला आणि आई-वडील नांदेडला असले, की दुसऱ्या खात्याचा मोह होतोच.

आपल्या बाजूने नियमही आहेत, बरं का! १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार असे पैसे कापण्याआधी किमान २४ तास सूचना द्यावी लागते. तो मेसेज बहुतेक वेळा इंग्रजीत असतो, म्हणून आपण बघत नाही. यापुढे तो मुलीला वाचायला सांगा. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने वर्गणी बंद करणं मुद्दाम अवघड ठेवण्याला ग्राहकांची फसवणूक ठरवलं. तसा अनुभव आला, तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते.

आता करायचं काय? ज्या ॲपने पैसे पाठवता, त्यात 'ऑटोपे' नावाचा विभाग असतो. तिथे कुणाला परवानगी दिली आहे, याची यादी दिसते. नको ते रद्द करा. वर्गणी प्ले स्टोअरमधून घेतली असेल, तर तिथल्या 'सबस्क्रिप्शन'मध्ये बघा. रिचार्जच्या पॅकसोबत एखादं ॲप मिळतंय का, हेही तपासा, नाहीतर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे जातील. आणि सगळी ॲप एकदम कशाला? एक महिना एक, ते बघून झालं की दुसरं.

दुपारी कामं आवरल्यावर तासभर छानसा सिनेमा बघणं ही काही उधळपट्टी नव्हे. तेवढा विरंगुळा आपल्या हक्काचाच. पण जे कुणीच बघत नाही, त्याचे पैसे का भरायचे? खातं आपल्या नावाचं आहे, तर 'नको' म्हणायचा अधिकारही आपलाच. महिन्याच्या १ तारखेला दूध-किराण्याच्या हिशेबात ही एक ओळ वाढवा. वाचलेले पैसे गटाच्या बचतीत टाका. वर्षअखेरीस आकडा बघून तुम्हीच चकित व्हाल!