न्यूरोब्लास्टोमामधील गुणसूत्र-विकृती व त्यांचे अभिज्ञान

न्यूरोब्लास्टोमा हे अनुकंपी तंत्रिका तंत्राच्या (शरीरातील अनैच्छिक क्रियांचे नियमन करणाऱ्या मज्जासंस्थेच्या एका भागाच्या) अपक्व भ्रूणीय कोशिकांपासून (पेशींपासून) उद्‌भवणारे मारक अर्बुद (गाठ) होय. ते बहुधा अधिवृक्क ग्रंथीत (मूत्रपिंडावरील अंतःस्रावी ग्रंथीत) किंवा पाठीच्या कण्यालगत आढळते. बालपणातील कर्करोगांपैकी सु. शेकडा ८ ते १० या प्रकारचे असून बहुतेक रुग्णांचे वय पाच वर्षांहून कमी असते. [⟶ कर्करोग, गुणसूत्र].

या अर्बुदाचे वर्तन अत्यंत भिन्न असते. तान्ह्या मुलातील अर्बुद यकृत व त्वचा यांत पसरलेले असूनही कधीकधी उपचारांवाचून विरून जाते. याउलट मोठ्या मुलातील अर्बुद तीव्र उपचारांनंतरही पुन्हा उद्‌भवून प्राणघातक ठरू शकते. केवळ सूक्ष्मदर्शकीय स्वरूपावरून हा भेद नेहमीच करता येत नाही. म्हणून अर्बुद-कोशिकांतील गुणसूत्रांच्या परीक्षणास निदानाइतकेच महत्त्व आहे.

विकृतींचे प्रकार : निरोगी मानवी कोशिकेत ४६ गुणसूत्रे असतात. अर्बुद-कोशिकांतील विकृती दोन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात संपूर्ण गुणसूत्रांची संख्याच वाढते व ती पुष्कळदा त्रिगुणित संख्येच्या जवळपास असते. असा बदल तान्ह्या मुलांत विशेष आढळतो व तो अनुकूल समजला जातो. दुसऱ्या प्रकारात गुणसूत्राचा एखादा खंड लुप्त होतो किंवा जादा आढळतो. पहिल्या गुणसूत्राच्या आखूड भुजेच्या टोकाचा व अकराव्याच्या लांब भुजेचा लोप, तसेच सतराव्याच्या लांब भुजेची वाढ ही त्याची प्रमुख उदाहरणे होत. हे बदल सामान्यतः प्रतिकूल मानले जातात.

सर्वांत महत्त्वाची विकृती म्हणजे दुसऱ्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवरील एमवायसीएन या जनुकाचे प्रवर्धन होय. निरोगी कोशिकेत या जनुकाच्या दोन प्रती असतात; प्रवर्धनात त्यांची संख्या कधीकधी शंभराहूनही अधिक होते. सु. एकपंचमांश रुग्णांत ते आढळते. १९७६ मध्ये जून बीडलर व बार्बरा स्पेंग्लर यांनी या अर्बुदाच्या संवर्धित कोशिकांत एकसारखे रंग घेणारे लांबट गुणसूत्र-खंड नोंदविले होते. अशा खंडांत, तसेच गुणसूत्रांबाहेरील सूक्ष्म जोडकणांत या जनुकाच्या जादा प्रती असतात, असे १९८३ नंतर स्पष्ट झाले. प्रवर्धन असलेल्या रुग्णांत रोग झपाट्याने वाढतो, हे १९८५ मध्ये रॉबर्ट सीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले.

या विकृती सामान्यतः अर्बुद-कोशिकांपुरत्याच मर्यादित असतात. त्या मातापित्यांकडून आलेल्या नसतात. कुटुंबात वारंवार आढळणारा रोग फार विरळा असून त्याचा संबंध मुख्यतः एएलके या जनुकातील बदलाशी असल्याचे २००८ मध्ये आढळून आले.

अभिज्ञान पद्धती : जुन्या पद्धतीत कोशिकांचे संवर्धन करून त्यांचे विभाजन मध्यावस्थेत थांबवितात व रंजकाने पट्टे उमटवून गुणसूत्रे तपासतात. परंतु अर्बुद-कोशिका संवर्धनात पुष्कळदा विभागत नाहीत. अनुस्फुरण पद्धतीत ही अडचण येत नाही. तीत विशिष्ट जनुकाशीच जुळणारा, चमकदार रंजक जोडलेला डीएनएचा तुकडा काचपट्टीवरील कोशिकांवर सोडतात. तो जुळेल तेथे ठिपका दिसतो. दुसऱ्या गुणसूत्रावरील संदर्भ-ठिपक्यांच्या चौपटीहून जास्त ठिपके एमवायसीएनचे आढळल्यास प्रवर्धन झाले असे समजतात. सूक्ष्म-सरणी पद्धतीत अर्बुदातून काढलेल्या डीएनएवरून सर्व गुणसूत्रांतील खंडांची घट व वाढ एकाच वेळी समजते. मात्र नमुन्यात निरोगी कोशिकांचे प्रमाण जास्त असल्यास बदल झाकला जातो. तसेच एकाच गाठीचे निरनिराळे भाग भिन्न असू शकतात. म्हणून नमुन्यात पुरेशा अर्बुद-कोशिका असल्याची खातरजमा विकृतिवैज्ञानिकाने आधी करणे आवश्यक असते.

उपयोग : रोग लवकर सापडणे म्हणजे रुग्ण वाचणे असे नेहमीच नसते, हे जपानमधील अनुभवावरून दिसून आले. तेथे १९८५ पासून सहा महिन्यांच्या अर्भकांच्या मूत्राची देशव्यापी तपासणी होत असे. तीत सापडलेल्या बहुतेक अर्बुदांत गुणसूत्रांचे अनुकूल स्वरूप आढळले. त्यांतील कित्येक आपोआप विरली असती. कॅनडातील क्वीबेक प्रांत व जर्मनी येथील २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत अशा तपासणीने मृत्यूंचे प्रमाण घटल्याचे आढळले नाही. २००४ मध्ये जपानने ती थांबविली.

वय, रोगाचा प्रसार व ऊतकांचे स्वरूप यांच्या जोडीने गुणसूत्रीय निष्कर्ष विचारात घेऊन रुग्णाचा धोका ठरवितात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात एमवायसीएन प्रवर्धन, अकराव्या गुणसूत्रातील लोप व डीएनएचे एकूण प्रमाण यांचा समावेश आहे. अल्प धोक्याच्या निवडक अर्भकांना केवळ देखरेखीखाली ठेवतात. अतिधोक्याच्या बालकांना रासायनिक चिकित्सा, शस्त्रक्रिया, स्वतःच्याच मूल कोशिकांचे पुनर्रोपण, प्रारण चिकित्सा व प्रतिपिंडे असे उपचार द्यावे लागतात. या उपचारांनी श्रवणशक्ती व वाढ यांवर कायमचे दुष्परिणाम होऊ शकतात. त्यामुळे ज्याला त्यांची गरज नाही त्या बालकास त्यांपासून वाचविणे व ज्याला गरज आहे त्यास ते वेळीच देणे, ही दोन्ही कार्ये या परीक्षणाने साधतात.